अडगळीची खोली ते वाचनखोली: आमच्या वहीतल्या नोंदी

मुलगा चौथीत. शाळा नाशिकची, पंचवटीच्या बाजूची, सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते सातवी. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. पतसंस्थेत कॅशवर बसते म्हणून हिशेबाची वही आपोआप माझ्याकडे आली. दुसऱ्या एका शाळेतल्या आयांनी ‘तुम्ही कसं केलं ते सांगा’ म्हटलं, तेव्हा वही आहे तशी उतरवली. नावं काढली आहेत, रकमा ठेवल्या आहेत.

२३ जून २०२४, रविवार

पालकसभेत २७ जणांनी हात वर केले होते. ग्रुपवर ‘रविवारी सकाळी ९ ला सर्वांनी यावे’ टाकलं, त्यावर ६१ अंगठे आले. प्रत्यक्ष आले पाच जण, त्यात एक आजोबा.

खोली तळमजल्यावर, १४ बाय १८ फूट. आत मोडके बाक, फुटके नकाशे, पोषण आहाराची जुनी पातेली, एक तबल्याची जोडी, आणि घुशीने केलेलं बीळ. पाच जणांनी तीन तासांत ३१ बाक ओढून मैदानात काढले. बेत असा की बाकांची लोखंडी चौकट वापरून रॅक करायचे, म्हणजे तिथे पैसा लागणार नाही. घरी येताना आम्ही स्वतःवर फारच खूश होतो.

२४ जून, सोमवार

मुख्याध्यापिका बाईंचा सकाळी साडेसातला फोन. बाक मोडके असले तरी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत आहेत. निर्लेखन, म्हणजे त्या यादीतून रीतसर नाव कमी होणं, झाल्याशिवाय ते फेकता येत नाहीत, कापता येत नाहीत, आणि पावसात तर अजिबात ठेवता येत नाहीत. भंगारात गेले तरी ते पैसे आपले नव्हेत, सरकारजमा. संध्याकाळी तेच ३१ बाक आत. या वेळी माणसं तीन.

निर्लेखनाचा प्रस्ताव बाईंनी त्याच आठवड्यात पाठवला. पुढे वाचाल तेव्हा लक्षात ठेवा, मंजुरी सप्टेंबरात आली. तोवर बाक खोलीच्या एका भिंतीशी छतापर्यंत रचलेले. सरकारी शाळेत काम करणार असाल तर झाडू उचलायच्या आधी ती नोंदवही बघा.

७ आणि १४ जुलै, दोन्ही रविवार

रद्दी. हे काम नीट झालं, कारण गल्लीवार वाटून घेतलं होतं आणि मुलांनी आधीच्या आठवड्यात घरोघरी सांगून ठेवलं होतं. वर्तमानपत्रं ६१२ किलो, १३ रुपयांनी ७,९५६. पुठ्ठा ८५ किलो, ८ रुपयांनी ६८०. छोट्या टेम्पोचं डिझेल ४०० गेलं. हातात ८,२३६.

पहिल्या रद्दीवाल्याचा काटा आम्हाला पटला नाही. पाच किलोचं तांदळाचं पाकीट ठेवून बघितलं तर काटा साडेचारवर अडकला. त्याने काही न बोलता दुसरा काटा आणला. पाकीट जवळ ठेवा, भांडायची वेळ येत नाही.

रद्दीत पुस्तकंही आली. ती विकली नाहीत, अकरा पोती बाजूला ठेवली.

२१ जुलै, रविवार

रंग दिला. हे लिहिताना आजही चिडायला होतं. एका मुलीचे पप्पा पेंटर आहेत. ते म्हणाले, ‘ताई, दिवाळीपर्यंत थांबा, भिंत पाणी पितेय.’ पण आम्हाला १५ ऑगस्टला खोली उघडायची घाई. ऑईल बाऊंड डिस्टेंपर, ब्रश, रोलर, पॉलिश पेपर मिळून ३,४८० रुपये. पेंटर दादांनी तरी येऊन दोन हात मारले, मजुरी घेतली नाही. पिस्ता रंग छान दिसत होता.

४ ऑगस्ट, रविवार

पावसाने ठाण मांडलंय, गोदेला पाणी वाढलंय, ग्रुपवर सकाळपासून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे फोटो, पूर किती ते त्याच्यावरून बघतात. कोणाच्या फोटोत पाणी कमरेपर्यंत, कोणाच्या छातीपर्यंत. त्या गडबडीत बाईंनी खोलीचा फोटो टाकला. पिस्ता रंगाला ताटाएवढे पोपडे. मागच्या भिंतीला तर हात लावला की रंग सालीसारखा हातात येतो.

पेंटर दादा ग्रुपवर काहीच बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

३,४८० पाण्यात.

११ ऑगस्ट, रविवार

या वेळी ‘सर्वांनी यावे’ लिहिलं नाही. चार जणांना वेगवेगळे फोन केले: ‘तुमची शिडी घेऊन १० ते १२ या, दोनच तास, गच्चीवर चढायचंय.’ चारही आले. सातपूर-अंबडला कंपनीत जाणाऱ्या बऱ्याच जणांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसतेच आणि शिफ्ट आठवड्याला बदलते. आम्ही उगाच त्यांना ‘इंटरेस्ट नाही’ म्हणत होतो. आता प्रत्येकाची सुट्टी कुठल्या वारी, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आहे.

गच्चीवर चार बोटं पाणी साचलेलं. पन्हळीच्या पाइपाच्या तोंडाशी कुजलेली पानं, एक टेनिस बॉल आणि पिंपळाचं हातभर रोप, मूळ थेट पाइपात. म्हणजे भिंत वरून भिजत होती आणि आम्ही खालून रंगवत होतो. रोप काढायला आजोबांनी आधी नको म्हटलं, पिंपळ आहे. शेवटी मुळासकट काढून नदीकाठच्या मोकळ्या जागेत लावायचं ठरलं आणि ते त्यांनी स्वतः लावलं. पाइप मोकळा झाल्यावर पाणी असं धाडधाड उतरलं की खाली मुलांनी टाळ्या वाजवल्या.

खर्च शून्य. हे काम जूनमध्ये केलं असतं तर रंगाचे पैसे वाचले असते.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मिसळ विक्री. अंदाज माझा, चूकही माझी. झेंडावंदनाला तीनशे पालक येतात, नाशिककर मिसळीला नाही म्हणत नाही, म्हणून २०० प्लेटची तयारी. प्लेट ५० रुपये. विकल्या गेल्या ११८.

झेंडावंदनाला पालक उभ्या उभ्या येतात, मुलाला घेऊन निघतात. वाटेत जिलबी घ्यायची असते. त्यात सकाळभर रिपरिप, फरसाण अर्ध्या तासात मऊ. शिवाय तर्रीला काळा मसाला घरच्या हाताने पडला, लहान मुलांना एक घास झेपेना, डोळ्यांतून पाणी. आले ५,९००, खर्च ६,३४०. तोटा ४४०. उरलेला रस्सा दुपारी पातेल्यांतून घरोघरी वाटला. वाटताना मात्र सगळे म्हणत होते, चव एक नंबर.

२५ ऑगस्ट, रविवार

देणग्या घ्यायला सुरुवात झाली आणि लगेच घोळ. सोय म्हणून एका रिक्षावाल्या दादांच्या फोनवरचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकला होता. त्यांना प्रवासी भाडंही त्याच कोडवर देतात. दहा दिवसांत जमा झालेल्या रकमांतून देणगी कुठली आणि भाडं कुठलं, हे शोधायला तीन रात्री गेल्या. ३५० रुपये जास्तच येत होते. दादा म्हणत, ‘ताई, शाळेलाच असू द्या.’ मी म्हटलं, तसं चालत नाही. चौथ्या दिवशी त्यांनाच आठवलं, नाशिकरोड स्टेशनची फेरी.

दादांचं चुकलं नाही, आमचं चुकलं. समितीचं बँकेत खातं आहे, मुख्याध्यापिका आणि अध्यक्षांच्या सहीने चालतं. पैसे तिथेच जायला हवे होते. आता रोख असेल तर दोघांनी मोजायची, पावती फाडायची, दुसऱ्या दिवशी भरायची. आणि फाटकाजवळच्या फळ्यावर दर शनिवारी खडूने जमा-खर्च. पहिल्या शनिवारी मिसळीचा तोटाही लिहिला. दोन जणींना ते आवडलं नाही, म्हणाल्या लोक हसतील. हसले. पुढच्या आठवड्यात देणग्या वाढल्या, आता त्या तोट्यामुळे की पगार झाल्यामुळे, देव जाणे.

२२ सप्टेंबर, रविवार

निर्लेखन मंजूर, बाक गेले, खोली पहिल्यांदा रिकामी दिसली.

विधानसभेला उभं राहू इच्छिणाऱ्या एका भाऊंचा माणूस आला. चारही रॅक ‘भाऊंकडून’, अट एकच, प्रत्येक रॅकवर भाऊंचा फोटो आणि बाहेर फ्लेक्स. आम्ही हो म्हटलं. खरं सांगते, एकीनेही विरोध केला नाही, मीही नाही. १२-१५ हजार वाचत होते. वेल्डिंगवाल्या दादांना सांगितलं, तुम्ही थांबा.

२९ सप्टेंबर, रविवार

मिसळ, दुसरा डाव. या वेळी कुपनं आधी विकली. १८० कुपनं, ९,००० रुपये शिजवायच्या आधी हातात. मोजून मटकी भिजवली, तर्री वेगळी ठेवली, फरसाणाची पाकिटं वाढताना फोडली. खर्च ५,१५०, उरले ३,८५०. १४ जण कुपन घेऊन आलेच नाहीत, त्यांच्या प्लेटा शाळेच्या रखवालदारांच्या आणि समोरच्या बांधकामावरच्या मजुरांच्या घरी गेल्या.

आधी पैसे, मग गॅस. बाकी मिसळीबद्दल मला काही शिकवता येणार नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

अकरा पोती पुस्तकं उलगडली. ६४० निघाली. त्यातली साडेतीनशेवर मुलांच्या कामाची नाहीत: अकरावीचे डायजेस्ट, बँक परीक्षांची गाईडं, जुनी पंचांगं, कंपनी कायदा, एक लग्नाचा अल्बम (तो परत केला, घरच्यांना पत्ताच नव्हता). देणारा पुस्तक देतो की कपाट रिकामं करतो, हे पोतं उचलल्यावर वजनावरूनच कळायला लागलं.

पण एका गाठोड्यात ‘किशोर’चे जुने अंक. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, यातले काही अंक माझ्या लहानपणचे. निवडायला बसलेल्या पाच आया तासभर वाचतच बसल्या. काम तिथेच संपलं.

एका ताईंनी सुचवलं, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारखं दशांश वर्गीकरण करू, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा. ते १८४० पासूनचं वाचनालय, आपलं अजून उघडायचंय. तरी दोन संध्याकाळी प्रयत्न केला. दुसरीतल्या मुलीला ८९१ चा अर्थ सांगता येईना, मग सोडलं. आता पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी: लाल म्हणजे मोठं अक्षर, पिवळी म्हणजे छोट्या गोष्टी, निळी म्हणजे मोठी पुस्तकं. कागदी स्टिकर दमटपणाने आठवड्यात सुटले. इलेक्ट्रिशियनची इन्सुलेशन टेप टिकली.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गच्ची. सहावीतल्या एकाचे आजोबा गवंडी. त्यांनी भेगा छिन्नीने इंग्रजी व्हीसारख्या उघडून घेतल्या, त्यात पॉलिमर मिसळलेलं सिमेंट भरलं, कठड्याच्या कोपऱ्यांत गोलाई दिली, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. वरवर फासलं तर पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा हसते, म्हणाले. साहित्य ७,३५०. वाळल्यावर पाइपाला बोळा लावून गच्चीवर एक दिवसभर पाणी कोंडून ठेवलं. खाली थेंब नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज वाचन प्रेरणा दिन. खोली आज उघडायची, असं ऑगस्टमध्ये ठरवलं होतं. भिंती ओल्या, रॅक नाहीत, म्हणून निदान ओट्यावर पुस्तकं मांडली. मुलं खूश.

दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर, आचारसंहिता लागू. संध्याकाळी भाऊंच्या माणसाला फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला, म्हणाला, ‘आता काय आचारसंहिता आहे ना ताई.’ बाईंना दुसरीच काळजी, की फोटोवाले रॅक आधीच आले असते तर आज ते झाकत बसावं लागलं असतं. तेवढं वाचलं म्हणायचं. तीन आठवडे मात्र गेले, आणि वेल्डिंगवाल्या दादांनी मधल्या काळात दिवाळीपूर्वीची ग्रिलची कामं घेतली.

२४ ते २८ ऑक्टोबर

फराळ. आधी ऑर्डरी, मग तेल. चिवडा ४० किलो २८० रुपयांनी, चकली २२ किलो ४०० रुपयांनी. एकूण २०,०००. सामान ११,६००. उरले ८,४००.

चकलीचा पहिला घाणा बुडाला. मोहन जास्त पडलं, चकली तेलात विरून खाली रवा. तीन किलो भाजणी गेली, तेलही बदलावं लागलं. वरच्या ११,६०० मध्ये ते धरलं आहे. दुसऱ्या घाण्यापासून आधी एकच चकली सोडून बघायची, असं ठरलं.

एक हिशेब फळ्यावर लिहिला नाही, इथे लिहिते. नऊ बायका, तीन दिवस, रोज चार तास. १०८ तास. ८,४०० भागिले १०८, तासाला ७८ रुपयेसुद्धा नाहीत. त्या नऊ जणींत तिघी धुण्याभांड्याची कामं सोडून आल्या होत्या. वडील मंडळी शेवटच्या दिवशी खोके बांधायला आली आणि ग्रुपवर फोटो त्यांचेच. पुढच्या वर्षी फराळ करायचा तर तळणीला पुरुष हवेत, हे मी सभेत मांडलं आहे. इतिवृत्तात आलं का, ते बघायचंय.

१७ नोव्हेंबर, रविवार

खोली मतदान केंद्रासाठी हवी, २० तारखेला मतदान. आम्ही जेमतेम लावलेली पुस्तकं पुन्हा उचलायची. पोत्यात भरायला कोणीच तयार नव्हतं. भाजी विकणाऱ्या एका ताईंनी टोमॅटोचे सात क्रेट आणले. सात वर्ग, सात क्रेट, प्रत्येकात चाळीस पुस्तकं, थेट वर्गात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’मुळे पुस्तकांची पेटी माणसाकडे जाते ही गोष्ट नाशिकला नवी नाही, आम्हाला मात्र ती नाइलाजाने सुचली.

गंमत म्हणजे खोलीशिवाय वाचन सुरू झालं. मधल्या सुट्टीत क्रेटभोवती गर्दी. पाचवीच्या क्रेटमधली तीन पुस्तकं पहिल्याच आठवड्यात गायब, त्यातली दोन दप्तरात सापडली.

१ डिसेंबर, रविवार

या वेळी पेंटर दादांना विचारून. त्यांनी भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवला, रात्रभर ठेवला. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली. तीन ठिकाणी लावला, मागच्या भिंतीला थेंब. आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवल्या, एक टेबलफॅन लावला. ७ तारखेला पुन्हा कागद, कोरडा.

८ डिसेंबर, रविवार

जुने पोपडे खरवडणं हेच खरं काम, सहा जणांचा अख्खा दिवस. पुट्टी, प्रायमर, रंग ४,६२०. पिस्ता नाही, फिकट पिवळा. पिस्ता रंगाचं नाव काढलं तरी आता सगळे हसतात.

१५ डिसेंबर, रविवार

रॅक. दादांनी मजुरी नाही घेतली, लोखंड आणि पत्रा ११,२०० चा. यातले दहा हजार माजी विद्यार्थ्यांनी दिले, आणि त्यांनी फोटो मागितला नाही.

इथे माझी आणखी एक चूक. मापं मी दिली, सहा फूट उंच, कारण दुकानातले तेवढेच असतात. पहिलीतलं पोर वरच्या दोन फळ्यांपर्यंत पोचत नाही, आणि चढायला लागलं तर रॅक अंगावर. दादांनी दोन रॅक मधून कापून चार बुटके केले, उरलेले दोन भिंतीला बोल्ट मारून पक्के केले. एक रविवार वाढला.

२२ डिसेंबर, रविवार

नवी पुस्तकं ९,८४० ची. यादी करताना आधी मुलांना विचारलं. भुतं, डायनासोर, किल्ले, क्रिकेट, विनोद, आणि एका मुलाने लिहिलं ‘जेसीबीबद्दल’. आम्ही निम्मी यादी त्यांची घेतली आणि निम्मी आमची, म्हणजे थोरांच्या बालपणाच्या गोष्टी वगैरे. महिनाभराने सांगते कुठली मळली.

ट्यूब आणि पंखा ३,१५०, सतरंज्या २,३००, टेप, नोंदवह्या, शिक्का ७३५.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. खोली उघडली. पाहुणे बोलावले नाहीत. फीत कापायला कात्री सापडेना, तर शिपाई मावशींनी गाठ सोडली. पहिलं पुस्तक एका सातवीतल्या मुलीने घेतलं, नोंदवहीत तिच्या नावापुढे मीच चुकून २०२४ लिहिलं.

१२ जानेवारी, रविवार

फळ्यावरचा हिशेब. जमा: रद्दी ८,२३६, मिसळ दोन्ही मिळून ३,४१०, फराळ ८,४००, पावतीवरच्या देणग्या १४,७५०, माजी विद्यार्थी १०,०००. एकूण ४४,७९६. खर्च ४२,६७५, त्यात जुलैचा वाया गेलेला रंग धरून. शिल्लक २,१२१, समितीच्या खात्यात.

मळलेली पुस्तकं: भुतं, किल्ले, जुने ‘किशोर’. थोरांची बालपणं कोरी करकरीत. जेसीबीवालं पुस्तक मराठीत मिळालंच नाही, त्या मुलाला रोज सांगावं लागतं.

सोमवार आणि गुरुवार दुपारी खोली उघडी ठेवायला कोण बसणार, हे ठरलेलं नाही. सध्या एक आजी बसतात आणि पुस्तक द्यायच्या आधी हात धुतले का ते बघतात. घुशीचं बीळ काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवलं होतं, तिने शेजारून नवीन काढलं.

आज गच्चीवर जाऊन आले. पाइपाच्या तोंडाशी पिंपळाची दोन पानं पुन्हा वर आली आहेत. पुढच्या रविवारी १० ते ११, एकच तास, शिडी कोणाकडे आहे ते कळवा.